'येऊ दे' म्हणण्याचा परवाना

माझ्या फाटकाच्या डाव्या खांबावर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. म्हणजे खांब उभा असतो तेव्हा ती खांबावर असते. एरवी ती आमच्या शोकेसमध्ये, माझ्या लेकीला, समिधाला, शाळेत मिळालेल्या ढालीशेजारी असते आणि येणारे पाहुणे विचारतात, "हे कशाबद्दल मिळालं?"

खांब पडतो तो हर्षदच्या लॉनमुळे. चौक गाव मागे टाकून जुन्या हायवेने लोधिवलीकडे निघालं की येसूबाईच्या वडापावच्या टपरीला लागून एक गल्ली आत जाते, ती आमची. गल्लीच्या टोकाला हर्षदची भातशेती होती. आता तिथे हिरवळ आहे, कारंजं आहे आणि लग्नसराईत रोज कुणाचं ना कुणाचं लग्न आहे. मंडपाचे ट्रक, केटररचे टेंपो, जनरेटर, वऱ्हाडाच्या बसगाड्या, सगळं आमच्या दारावरून जातं. लॉनपाशी गाडी वळवायला जागा नाही, म्हणून सगळी मोठी वाहनं हायवेवरूनच उलटी आत येतात, आणि बरोबर माझ्या खांबापाशी गल्लीला वळण आहे.

आता आपल्याकडे गाडी मागे घेणं हे काम ड्रायव्हर एकटा कधीच करत नाही. त्याने रिव्हर्स टाकला की आसपासचे सगळे पुरुष हातातलं काम टाकून गोळा होतात आणि पत्र्यावर थापट्या मारत 'येऊ दे, येऊ दे' सुरू करतात. यासाठी ओळख लागत नाही, वय लागत नाही, डोळे चांगले असावे लागत नाहीत. एक म्हणतो येऊ दे, दुसरा म्हणतो डावी मार, तिसरा विचारतो कुणाची डावी, आणि मग खांब पडतो. पडल्यावर जमलेला प्रत्येकजण सांगतो, "मी तर थांब म्हनलेलं."

खांब तिसऱ्यांदा पडला तेव्हा सल्ल्यांचा पूर आला. चांगोदादा हा आमच्या गल्लीतल्या नाल्याच्या मोरीवर बसणारा म्हातारा शेतकरी. जमीन मुलांनी पिकवावी आणि गल्ली आपण सांभाळावी अशी त्याची वाटणी आहे. तो म्हणाला, "विकासभाऊ, खांब दोन फूट आत घ्या. काय बिगडत नाय." हायवेवर ज्यांचं गॅरेज आहे ते जलालभाई म्हणाले, "बडेकरसाहेब, खांब आत घ्या ना. माझ्याकडे तुमच्या खांबाने ठोकलेल्या किती गाड्या येतात, माहीत आहे?" त्यांनी खांबाने गाड्या ठोकल्या असं म्हटलं, हे मी लक्षात ठेवलं. हर्षदनेही तेच सांगितलं, बायकोनेही तेच सांगितलं. समिधा तर जेवताना रोज सांगायची.

मी कुणाचं ऐकलं नाही. माझी जागा सरकारी मोजणी करून घेतलेली आहे आणि खांब माझ्या हद्दीत आहे. चूक वाहनांची आणि आत सरकायचं मी, हा कुठला न्याय? आज दोन फूट दिले तर उद्या हर्षदचं कारंजं माझ्या अंगणात येईल.

त्यातच समिधाचं लग्न ठरलं. देवेश पनवेलचा, मुलगा चांगला, आणि साखरपुडा आमच्या अंगणात करायचं ठरलं. दिवाळी झाली की व्याही बस करून येणार होते. माझी एकच इच्छा होती. व्याही बसमधून उतरतील तेव्हा खांब उभा असावा, पाटी चकाकत असावी आणि आपण कुणाच्या दारात उतरलो ते त्यांना वाचता यावं. पडक्या फाटकातून आत आलेला व्याही पुढे आयुष्यभर मुलीच्या बापाकडे कसा बघतो, हे मी नात्यात पाहिलेलं आहे.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी मुंबईत एका बंदराच्या कचेरीत होतो, तेही पायलट परवाना शाखेत. आमच्या गल्लीला पायलट म्हणजे विमानातला नाहीतर मंत्र्याच्या पुढच्या गाडीतला, एवढंच माहीत. बंदराचा पायलट वेगळा. साता समुद्रापलीकडून जहाज घेऊन आलेला कप्तानसुद्धा बंदराच्या तोंडाशी थांबतो, मग आमचा पायलट दोरीच्या शिडीने वर चढतो आणि कुठे खोल आहे, कुठे गाळ आहे ते सांगत जहाज धक्क्याला लावतो. असं सांगायचा अधिकार ऐऱ्यागैऱ्याला नसतो. त्याला परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो, आणि त्या परवान्याच्या फीमधूनच परीक्षा घेणाऱ्यांचा, तपासणाऱ्यांचा आणि शिक्के मारणाऱ्यांचा खर्च निघतो. सरकारच्या तिजोरीला धक्का नाही. ज्याचं नियमन, त्याच्याच खिशातून. मी स्वतः जहाजावर एकदाच चढलो आणि ते धक्क्याला बांधलेलं असताना मला उलटी झाली, ही गोष्ट निराळी. तत्त्व मात्र माझ्या रक्तात होतं.

मी विचार केला, जहाजासारखंच तर आहे. गल्ली म्हणजे खाडी, हर्षदचं लॉन म्हणजे धक्का, आणि माझा खांब म्हणजे दीपस्तंभ. कमी आहे ती फक्त परवान्याची.

'गल्ली पायलट नियमन मंडळ' मी त्याच आठवड्यात स्थापन केलं. अध्यक्ष मीच. नोंदणीसाठी एका सरकारी कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण मला अजून तिथे सातबारा काढायला जायचंय. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला.

"पायलट म्हणजे होडीचे?"

"नाही, ट्रकचे."

"मग आरटीओत जा."

"ते ट्रक चालवत नाहीत. ते येऊ दे म्हणतात."

"येऊ दे तर आमचे साहेबपण म्हणतात," त्या म्हणाल्या. "त्याला नोंदणी कशाला?"

शेवटी त्यांनी अर्ज भजनी मंडळाच्या रकान्यात घेतला, कारण तोंडाने करायच्या कामाचा दुसरा रकाना त्यांच्याकडे नव्हता. आमचं मंडळ अजूनही कागदोपत्री भजनी आहे.

परीक्षा आमच्या ओट्यावर झाली. मी पहिला प्रश्न विचारला, "वाहन मागे येत असताना परवानाधारकाने कुठे उभं राहावं?"

"गाडीच्या मागं," चांगोदादा म्हणाला. "पुडं उबा रावून काय करू, आरती?"

उत्तर बरोबर होतं, पण दिलं उद्धटपणे. तरी पास केलं, कारण परीक्षेला तो आणि जलालभाई असे दोघेच बसले होते. दोघांना गळ्यात घालायचं कार्ड, हिरवं जाकीट आणि शिट्टी मिळाली. विनापरवाना 'येऊ दे' म्हणणाऱ्याला दंड ठेवला. शिवाय अध्यक्षाने स्वतः परवाना घेऊ नये असाही नियम मी केला. देणारा आणि घेणारा एकच झाला तर लोक बोट दाखवतात, हे मी नोकरीत शिकलो होतो.

सुरुवात फार छान झाली. चांगोदादा शिट्टी मारायचा, ट्रक सरळ रेषेत मागे यायचा आणि खांबाला वळसा घालून निघून जायचा. मी ओट्यावर चहा पीत हे बघायचो आणि ऊर भरून यायचा. दोघांनी ड्रायव्हरकडून थोडी बिदागी घ्यायला सुरुवात केली, त्यालाही माझी हरकत नव्हती. बंदरातही जहाजाला पैसे पडतातच.

अडचण खर्चाची आली. कार्डं, जाकिटं, शिट्ट्या, शिक्का, उन्हात बसायला मोठी छत्री, बैठकांचा चहा आणि वडापाव. चहा-वडापाव येसूबाईच्या टपरीवरून यायचा आणि मंडळाच्या बैठका फार व्हायच्या. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत झाली. दोन परवान्यांच्या फीमध्ये छत्रीचा दांडासुद्धा आला नसता. मी तत्त्वाला धरून फी वाढवली.

चांगोदादाने कार्ड गळ्यातून काढून ओट्यावर ठेवलं. "इतकी वरसं मी फुकाट वरडलो. आता वरडाया मीच पैसं भरू?"

"दादा, ही वरडायची फी नाही. तुम्ही नीट वरडता की नाही, ते बघण्याची फी आहे."

"मंग तुमी फुकाट बगा की. तसंबी ओट्यावर बसूनच असता."

हे माझ्या मनाला लागलं. पण शास्त्र असं आहे की फी वाढवता येत नसेल तर फी भरणारे वाढवावेत. मी परवाने खुले केले. हर्षदचे माळी आले, डेकोरेशनवाले आले, लग्नाला आलेला एक फोटोग्राफरही घेऊन गेला. शिकाऊ परवाना काढला, ज्येष्ठ परवाना काढला. येसूबाई म्हणाली, "भाऊ, मलाबी द्या. पन मी कढई सोडून कुटं जानार नाय हां."

तिच्यासाठी मी अर्धा परवाना काढला. तिने टपरीतूनच फक्त 'थांब' म्हणायचं, 'येऊ दे' म्हणायचं नाही, आणि फी निम्मी. माझ्या कारकिर्दीतला हा सगळ्यात नाजूक परवाना होता. आणि खरं सांगतो, बाईचा आवाज असा की तिने 'थांब' म्हटलं तर हायवेवरचे ट्रकसुद्धा ब्रेक लावायचे.

व्हायचं तेच झालं. परवान्यांमुळे खर्च भागला, पण गल्लीत जाकिटंच जाकिटं झाली. एक टेंपो आला की डझनभर शिट्ट्या वाजायच्या. पूर्वी लोक अंदाजाने ओरडायचे, आता अधिकाराने ओरडू लागले. एक म्हणायचा येऊ दे, दुसरा म्हणायचा डावी मार, तिसरा कार्ड दाखवून म्हणायचा मी ज्येष्ठ आहे. खांबाचा एक कोपरा उडाला.

"अहो," बायको म्हणाली, "पूर्वी खांब फुकट पडायचा."

मी गवंडी बोलावला. खांब दुरुस्त करून घेतला, पाटी पितांबरीने घासली, आणि संख्या आटोक्यात यावी म्हणून नूतनीकरणाची फी दुप्पट केली. साखरपुडा चार दिवसांवर आला होता. मला वाटलं, हौशे-गवशे आपोआप गळतील आणि खरे पायलट तेवढे राहतील.

गळले ते सगळेच. जलालभाई निरोप घेऊन आले. आवाजात आदर होता आणि जाकीट उलटं घातलेलं होतं. "साहेब, मंडळी फी वाढ मागे घेतल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. माझं काही नाही, पण मला त्यांच्या युनियनच्या अध्यक्षपदावर बसवलंय."

"जलालभाई, तुम्हीसुद्धा?"

"काय करणार साहेब, तुम्हीच शिकवलंत. पदावर बसलं की तत्त्व पाळावं लागतं."

तत्त्व मलाही होतं. मी फी कमी केली नाही.

साखरपुड्याच्या सकाळी अंगणात मांडव होता, समिधा साडी नेसून तयार होती आणि खांब उभा होता. पाटीत माझं तोंड दिसत होतं. हायवेवर व्याह्यांची बस आली, येसूबाईच्या टपरीपाशी थांबली आणि ड्रायव्हरने मान बाहेर काढून सवयीने मागे पाहिलं.

कुणी हललं नाही. चांगोदादा मोरीवर हात मांडीखाली घालून बसला होता. जलालभाई आभाळाकडे बघत होते. माळी, डेकोरेशनवाले, सगळे रांगेने उभे, तोंडं मिटलेली. आमच्या गल्लीत गाडी मागे येते आहे आणि कुणी 'येऊ दे' म्हणत नाही, असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. बसच्या खिडक्यांतून व्याही, विहीणबाई आणि देवेशच्या मावश्या त्या मुक्या रांगेकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, गल्लीत कुणीतरी गेलं.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी फेटा सावरला आणि बसच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"येऊ दे," मी म्हणालो.

इतकी वर्षं पायलटांच्या फायली सांभाळल्या, पण प्रत्यक्ष एखादं वाहन माझ्या शब्दाने हललं ते त्याच दिवशी. माझा एक हात हलला की एवढी मोठी बस मागे येत होती. काय सांगू, नशाच चढते. "येऊ दे, येऊ दे, थोडी डावी, येऊ दे." खांब आला तेव्हा मी आरशात दिसणाऱ्या माझ्या फेट्याकडे बघत होतो.

आवाज फारसा झाला नाही. खांबाला आता सवय झाली होती. पाटी सुटून गडगडत गेली आणि मोरीपाशी चांगोदादाच्या पायाजवळ थांबली. त्याने ती उचलून धोतराला पुसली आणि मला न बोलता आणून दिली.

मी येसूबाईकडे वळलो. तिला टपरीतून सगळं दिसत होतं. "येसूबाई, अहो, तुम्ही तरी थांब म्हणायचंत."

तिने कढईतला वडा उलटला. "म्हननार होती. पन माजं लायसन कालच सपलं ना भाऊ. तुमीच म्हनालाव, बिनालायसनचं बोललं तर दंड."

एवढ्यात बसचं दार उघडलं आणि व्याही उतरले. मी पाटी हातात धरून, विटांच्या ढिगाऱ्यात, मुलीचा बाप म्हणून उभा. व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, बसच्या चाकाखाली आलेल्या विटांकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या, बसच्या मागे गेले आणि पत्र्यावर थाप मारून ओरडले, "ए, पुढे घे जरा. हां. आता येऊ दे, येऊ दे, येऊ दे."

संप तिथेच फुटला. गल्लीत बाहेरचा माणूस काम करतो आहे हे कुणाला सहन होणार? चांगोदादा मोरीवरून उठला. "ओ पावनं, लायसन हाय का तुमचं?"

"नाही बुवा," व्याही म्हणाले. "कुठे मिळतं?"

साखरपुड्यात अंगठीच्या आधी व्याह्यांचा शिकाऊ परवाना झाला. जेवताना ते कार्ड गळ्यात घालूनच बसले आणि प्रत्येक मावशीला दाखवत होते. दंड मात्र मला भरावा लागला. अध्यक्षाला परवाना घेता येत नाही हा नियम जलालभाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. फी कमी करावी लागली ती वेगळीच.

खांब पडून राहिला आणि लग्नसराई सुरू झाली. आता चमत्कार असा झाला की खांब नसल्यामुळे गाड्या आपोआप वळू लागल्या. ड्रायव्हर एका हाताने गुटख्याची पुडी फोडत आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग फिरवत आत जायचे. कुणी शिट्टी ऐकेना, कुणी बिदागी देईना. माझंही मन वळलं होतं. लेकीचं लग्न हर्षदच्याच लॉनवर होतं, तेव्हा खांब दोन फूट आत घेऊन टाकू, असं मी बायकोला स्वतःहून म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्याच दिवशी मंडळाचं शिष्टमंडळ आलं. पुढे चांगोदादा.

"विकासभाऊ, खांब बांदा."

"अहो, बांधतोय. दोन फूट आत."

"आत नाय. होता तितंच. तितं खांब नसंल त आमी येऊ दे कुनाला म्हनू?"

"दादा, आत घ्या म्हणून तुम्हीच तर माझं डोकं खात होतात."

"तवा माजं लायसन नवतं."

खांब मंडळाने बांधला. परवान्यांच्या फीमधून. सिमेंटचा, आतून सळ्यांचा, वर काळे-पिवळे पट्टे आणि पट्ट्यांवर माझी पाटी. माझा प्रत्येक पैसा तत्त्वाप्रमाणे वसूल झाला असं म्हणता येईल, पण तसं म्हणताना मला गोड वाटत नाही. खांब हलवायचा असेल तर मंडळाकडे अर्ज करायचा असाही ठराव झाला. मी अर्ज केला. अर्ज अध्यक्षाकडे येतो, आणि स्वतःच्या अर्जावर अध्यक्षाला निर्णय देता येत नाही. तेव्हा तो माझ्याच टेबलावर पडून आहे.

लग्न छान झालं. संध्याकाळी पाठवणीची बस लॉनवरून निघाली. समिधा खिडकीत बसली होती. मी आमच्या फाटकात, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबाला धरून उभा. लॉनवर सगळ्यांसमोर रडायचं नाही म्हणून मी तिचा निरोप घेताना केटररच्या हिशोबाचं काहीतरी बोललो होतो, आणि आता बस पुढे यायला लागल्यावर मला कळलं की तिच्याशी नीट बोलायचं राहूनच गेलं. गाडी सरळ पुढे जात होती. व्याही दारात लटकून 'जाऊ दे, जाऊ दे' करत होते. मला 'थांब' म्हणायचं होतं. पण माझ्याकडे परवाना नव्हता.

"थांब!"

येसूबाईचा आवाज. बसने असा ब्रेक लावला की मावश्या एकमेकींवर आदळल्या. चांगोदादा धावत खांबापाशी आला. खांब आणि बस यांच्यामध्ये बैलगाडी निघून गेली असती एवढी जागा होती.

"येसूबाय, काय लागत व्हतं का कुटं?" त्याने विचारलं.

टपरीत ती कढईकडेच बघत होती. "माजं लायसन थांबचं हाय. पैसं भरल्यात. कवा म्हनायचं ते मी बगंन."

समिधा खिडकीतून वाकली होती. मी पुढे गेलो आणि तिचा हात धरला. बोलायचं पुष्कळ होतं, पण ती डोळे पुसत खांबाकडे बघून म्हणाली, "बाबा, तो आत घ्या हो."

"घेतो," मी म्हणालो. "अर्ज केलाय."